मदत हवी आहे: पेगन उत्सवात रांगोळीची कार्यशाळा कशी घ्यावी? (ओहायो)

रेघोटी

नमस्कार मंडळी. मुक्काम कोलंबस. इथून दोनेक तासांवर पोमेरॉयजवळच्या विस्टेरिया कॅम्पग्राउंडवर जुलैत स्टारवूड हा पेगन लोकांचा (निसर्ग आणि जुन्या देवदेवता पुजणाऱ्यांचा) उत्सव भरतो. तिथे किंवा अशाच एखाद्या तंबूतल्या पेगन उत्सवात ठिपक्यांच्या रांगोळीची कार्यशाळा घ्यायचा विचार आहे. रांगोळी शिकवायची सवय आहे, पण ती मंडळाच्या हॉलमध्ये, फरशीवर. गवतावर, वाऱ्यात, वीज नसताना कसं जमवायचं? प्रस्तावात काय लिहायचं? आणि एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर असताना मानधन घेतलेलं चालतं का? सासूबाई तेव्हा इकडेच असतील आणि त्यांनाही यायचं आहे. उत्सवाच्या रीतीभातींबद्दल आधी माहीत असावं असं काही असेल तर तेही सांगा.

जुना_खांब

आधी उत्सवाचा प्रकार नीट बघा. एक हॉटेलातले संमेलनवजा उत्सव: मिनेसोटात मार्चमध्ये होणारं पेगनिकॉन त्यातलं, सॅन होजेचं पॅन्थियाकॉनही तसंच होतं, पण ते २०२० नंतर बंद झालं. तिथे गालिचा, खुर्च्या, प्रोजेक्टर सगळं मिळतं. फक्त गालिच्यावर पीठ सांडायला हॉटेल परवानगी देत नाही. दुसरे तंबूतले: स्टारवूड (१९८१ पासून), २१ जूनच्या आसपासच्या आठवड्यातलं पेगन स्पिरिट गॅदरिंग, न्यूयॉर्क राज्यात शर्मनजवळच्या ब्रशवुडवरचे उत्सव. रांगोळीला दुसरा प्रकार बरा.

उन्हाळी उत्सवांचे प्रस्ताव बहुधा हिवाळ्यातच मागवतात. एप्रिलमध्ये जागे झालात तर पुढचं वर्ष. अर्जात साधारण हे असतं: शीर्षक, ५० ते १०० शब्दांचं वर्णन, तुमची दोन ओळींत ओळख, पूर्वी कुठे शिकवलंय, किती वेळ (६० ते ९० मिनिटं), जास्तीत जास्त किती माणसं, कोणत्या वयाची, साहित्याचा खर्च कोणाचा, काय सोयी हव्यात.

सोयींच्या रकान्यात लाजू नका. "छप्पर, सपाट जमीन, शक्यतो काँक्रीट, जवळ पाण्याचा नळ" असं स्पष्ट लिहा. "काहीही चालेल" लिहिणाऱ्याला मैदानाच्या टोकाचं झाड मिळतं.

वेळ सकाळी १० किंवा १०:३० ची मागा. रात्री शेकोटीभोवती ढोल पहाटेपर्यंत चालतात, त्यामुळे ९ वाजता कोणी उठलेलं नसतं. दुपारी २ नंतर ऊन, वारा आणि ओहायोतली जुलैची गडगडाटी सर. रांगोळीचे तिन्ही शत्रू.

तंबू_ठोको

साहित्यावर बोलतो, कारण फसतं ते तिथेच.

आपली नेहमीची दगडी रांगोळी नेऊ नका. जमिनीत न मुरणारी पूड आणि कृत्रिम रंग कॅम्पग्राउंडला चालतीलच असं नाही. तांदळाचं पीठ न्या, पण आशियाई दुकानातलं ते मऊसूत पांढरं पीठ नव्हे. दमट हवेत त्याचे गोळे होतात आणि चिमटीतून धार न पडता ढेकूळ पडतं. इडली रवा मिक्सरमधून फिरवून बारीक रवाळ करा, नाहीतर इडली रवा आणि पीठ निम्मं-निम्मं मिसळा. माणशी १५० ग्रॅम धरा. अनुभवी हाताला ५० ग्रॅमही पुरतील, पण नवशिक्याची रेघ बोटभर जाड येते. १६ माणसांना अडीच किलो, अर्धा किलो राखीव. घट्ट झाकणाच्या डब्यांतून न्या आणि कागदी पेल्यांतून थोडं-थोडं वाटा. मोठी परात मध्ये ठेवली की ओले हात सगळ्या पिठात जातात.

रंगांना हळद, बीटाची पूड, कॉफी पूड. कुंकू-सिंदूर टाळा, काही सिंदुरांत शिसं सापडल्याने एफडीएने (अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने) इशारा दिलेला आहे आणि तिथे लहान मुलं असतात. हळदीचा डाग जात नाही हे सुरुवातीलाच सांगा, लोक पांढरे झगे घालून येतात.

जमिनीवर काढायचा नाद सोडा. ८ बाय ४ फुटांचा पातळ हार्डबोर्ड आणून दुकानातच २ बाय २ चे तुकडे करून घ्या, बरोबर ८ होतात. दोघांत एक पाट, म्हणजे १६ माणसं. हीच तुमची कमाल संख्या, अर्जात लिहून टाका. पाटाला फळ्याचा काळा मॅट रंग द्या. चकचकीत रंगावर पीठ सरकतं.

ठिपके ५ ते ३ ठेवा: ओळींत ३, ४, ५, ४, ३, एकूण १९. दोन ठिपक्यांत ४ इंच, दोन ओळींत साडेतीन. २ फुटी पाटावर चारी बाजूंनी समास उरतो. ठिपके हाताने घालायला लावलेत तर २५ मिनिटं त्यातच जातील आणि रांगा वाकड्या येतील त्या वेगळ्या. आजीची युक्ती वापरा: जाड कागदाला उदबत्तीने भोकं पाडून न्या, आठ पाटांना आठ कागद. वर पीठ पसरा, हाताने फिरवा, जास्तीचं झटका, आणि दोघांनी चार कोपरे धरून कागद सरळ वर उचला. एका बाजूने सोलल्यासारखा उचलला की उरलेलं पीठ घसरून ठिपके पुसतात.

१० बाय १० च्या मांडवात ४ पाट आणि ८ माणसं मावतात, त्यापुढे कोपराला कोपर लागतो. १६ जणांना १० बाय २० हवा. गुडघे धरणारे, व्हीलचेअरवरचे लोक येतातच. दोन पाट ३० इंच उंचीच्या टेबलावर मांडा.

हिरवी_चिंच

मानधनाचं: एच-१बीवर असताना ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं काम करता येत नाही. शिकवण्याचे पैसे हे काम. साहित्याच्या नावाखाली माणशी ५ डॉलर घेणंही नको. आणि हे बऱ्याच जणांना सुचत नाही: कार्यशाळेच्या बदल्यात मिळणारा फुकट पास हासुद्धा मोबदला धरला जाऊ शकतो. सर्वांत सरळ म्हणजे तिकीट स्वतः काढा, साहित्य स्वतःचं न्या, काहीही घेऊ नका आणि तसं आयोजकांना इमेलवर कळवा. अनेक उत्सवांत सगळ्यांनाच काही तास कामाची पाळी असते (फाटक, स्वयंपाकघर, पार्किंग). तीही सवलतीशी बांधलेली असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. इथल्या कोणाच्या "काही होत नाही हो" वर जाऊ नका, माझ्याही नाही.

सासूबाई बी-२ (पर्यटक) व्हिसावर असतील तर त्यांनाही हाच नियम, एक डॉलरही नको.

चौथा_कोपरा

रीतीभाती.

फोटो: न विचारता कोणाचाही नाही. खूप जणांनी नोकरीत, घरी आपण विक्का (पेगनांचाच एक पंथ) किंवा पेगन आहोत हे सांगितलेलं नसतं. सुरुवातीलाच जाहीर करा की फोटो फक्त पाटांचे, चेहरे चौकटीबाहेर.

स्पर्श: हात धरून चिमूट शिकवायची आपली पद्धत तिथे विचारल्याशिवाय नको. "हात धरून दाखवू का?" एवढं पुरतं.

दुसऱ्याच्या वेदीवरची वस्तू, सुरी, ढोल उचलून बघू नका. विधीसाठी वर्तुळ बांधलं असेल तर मध्येच चालत बाहेर पडू नका; कडेच्या माणसाला खूण करा, तो वाट उघडून देतो. शेकोटीभोवती बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखंच, तेवढं सोपं जाईल. शेकोटीत कचरा, कागदी पेला, सिगारेटचं थोटूक काहीही टाकायचं नाही. बघणारे फार चिडतात, आणि बरोबरच आहे.

आता मुख्य. तुम्ही भारतीय दिसता म्हणून काली, कुंडलिनी, चक्रं, मंत्र सगळ्याचे प्रश्न तुमच्याकडे येतील. कालीची, गणपतीची भक्ती करणारे पेगन तिथे भेटतातच. जे येतं तेवढंच सांगा. पुरोहित नसताना पुरोहित होऊ नका. रांगोळीनंतर "आवाहन करूया का?" असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. सामूहिक विधीची परवानगी आणि जबाबदारी वेगळी असते आणि ते तुमच्या वर्णनात लिहिलेलं नसतं. पणत्यांबद्दल आधी विचारा, उघड्या ज्योतीला बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

रेघोटी

सगळ्यांचे खूप आभार! इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शीर्षक असं ठरवलंय: "प्राचीन भारतीय मंडलविद्या: रांगोळीतून ऊर्जाजागरण". बरं वाटतंय का? आणि ७५ मिनिटांत वेळ कसा वाटू? अजून एक, सासूबाईंना नेऊ ना?

जुना_खांब

शीर्षक बदला. पहिलं म्हणजे ऊर्जाजागरण तुम्ही शिकवणार नाही आहात. दुसरं, त्या नावाने ध्यानाला आलेली माणसं येतील आणि पिठात हात घालायचाय कळल्यावर वीसाव्या मिनिटाला उठतील. असं काही लिहा: "उंबरठ्यावरची रांगोळी: तांदळाच्या पिठाने १९ ठिपक्यांची नक्षी". वर्णनाच्या पहिल्या वाक्यात माणूस काय करून बघणार ते, दुसऱ्यात महाराष्ट्रात ही कुठे आणि कधी काढतात, तिसऱ्यात पूर्वअनुभव लागत नाही, हात पांढरे होतील, मुलं मोठ्यांसोबत चालतील. बस.

तंबू_ठोको

७५ मिनिटांतली ६५ च तुमची. पहिली १० उशिरा येणाऱ्यांची. तोवर आलेल्यांना काळ्या कागदावर चिमटीचा सराव द्या. इथे थांबून शिकवा: अंगठा आणि तर्जनीच्या पेरांमध्ये पीठ, बाकीची बोटं खाली आधाराला, हात पाटापासून इंचभर वर. अंगठा मागे सरकवत धार सोडायची. नवशिका पाचही बोटांत मूठ भरून मीठ पेरल्यासारखं टाकतो, म्हणून रेघ तुटते. हात फार वर नेला की वारा धार उडवतो, पाटाला टेकवला की गोळा पडतो. हे जमलं की बाकी नक्षी आपोआप येते.

मग ठिपके १०, रेघा ३०, फिरून एकमेकांचं बघायला १०, आवरायला १५. आवरण्याचा वेळ कधीही कापू नका. पुढचा वक्ता मांडवाबाहेर उभा असतो, आणि सांडलेल्या पिठावर संध्याकाळपर्यंत मुंग्या, रात्री रकून. दोन सुपल्या, दोन झाडण्या, एक कचऱ्याची मोठी पिशवी घरून न्या.

प्रात्यक्षिक पाटावर दाखवलंत तर पुढच्या सहांनाच दिसेल. नक्षी कशी जोडायची ते उभ्या फळ्यावर खडूने काढा आणि चिमूट प्रत्येक पाटापाशी जाऊन दाखवा. १९ ठिपक्यांचा छापील कागद २० प्रती, झिपच्या पिशवीत.

चौथा_कोपरा

सासूबाईंना न्या की. पण स्टारवूडसारख्या ठिकाणी कपडे घालणं ऐच्छिक असतं, हे त्यांना गाडीत बसायच्या आधी सांगा, फाटकावर नव्हे. तंबू कुटुंबांसाठी राखलेल्या, शांत भागात मागा. ढोलांपासूनही लांब पडतो. त्यांच्यासाठी उंच खाट आणि टॉर्च, कारण रात्री मोरीपर्यंत चालावं लागतं.

गोचिडांचं मनावर घ्या. कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक) फवारून पूर्ण वाळवा (ओलं असताना मांजरांना विषारी असतं, घरी मांजर असेल तर गॅरेजमध्ये करा), कातडीवर २० ते ३० टक्के डीट (कीटक पळवणारं औषध). संध्याकाळी काखा, गुडघ्यामागे, केसांच्या कडेला तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी वगैरे घरगुती उपाय नकोत.

रेघोटी

शेवटचा प्रश्न. ऐनवेळी पाऊस आला आणि छप्पर मिळालं नाही तर?

तंबू_ठोको

पीठ उघडूच नका. प्रत्येक पाटाला दोन पांढरे खडू ठेवलेले असू द्या, त्याच कागदाच्या भोकांतून खडूने ठिपके द्या आणि नक्षी खडूने काढायला लावा. मॅट काळा रंग तिथेही उपयोगी पडतो. ओले पाट आधी पुसायला जुने टॉवेल लागतात, चार न्या. गडगडायला लागलं तर मात्र मांडवाचे लोखंडी खांब सोडून सगळ्यांना गाड्यांत किंवा पक्क्या इमारतीत पाठवा आणि नवीन वेळेसाठी माहिती-तंबूतल्या सूचना फलकावर स्वतः जाऊन लिहा. तुमच्या वतीने कोणी लिहीत नाही.