माग काढणाऱ्याच्या हाती माहिती देतो कोण?

मेधाविनी (धागाकर्ती)
पाठलागाचा विषय निघाला की छायाचित्रे टाकू नका, फोनवरील स्थान (लोकेशन) बंद ठेवा, अशा सूचना जिचा पाठलाग होतो तिलाच ऐकवल्या जातात. माझा या रोखालाच आक्षेप आहे, कारण सर्वांत घातक माहिती अनेकदा तिच्या हातून सुटलेलीच नसते. अमेरिकन अभिनेत्री रेबेका शेफर हिचा १९८९ साली तिच्याच दारात खून झाला. मारेकऱ्याने खासगी गुप्तहेराला पैसे देऊन कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाच्या नोंदींतून तिचा पत्ता मिळवला होता, आणि त्या नोंदींवर तिचा काहीही ताबा नव्हता. आज पत्ते नि दूरध्वनी क्रमांक गोळा करून विकणाऱ्या कंपन्या आहेत, आणि ग्राहक सेवेला फोन करून ‘मी तिचा नवरा बोलतोय’ असे सांगताच तपशील देऊन टाकणारे कर्मचारीही आहेत. जो माहिती साठवतो, त्याच्यावरच ती जपण्याची सक्ती हवी.

विश्राम
तत्त्व मान्य आहे, परंतु शेफर प्रकरणानंतर वाहनचालकांच्या नोंदींना संरक्षण देणारा संघीय कायदा व्हायला १९९४ साल उजाडले. जिच्या मागावर आज कोणी आहे, तिने तोवर काय करायचे? जपानमधील २०१९ चे प्रकरण पाहा. एका तरुण गायिकेने टाकलेल्या सेल्फीत तिच्या डोळ्यांतील प्रतिबिंबावरून आरोपीने रेल्वे स्थानक ओळखले, ते रस्त्यांच्या ऑनलाइन चित्रांशी ताडून पाहिले आणि तिथून तिच्या मागोमाग घरापर्यंत जाऊन हल्ला केला. यातले काहीच कोणत्या दप्तरातून फुटले नव्हते. छायाचित्र त्या ठिकाणाहून निघून गेल्यानंतरच टाकणे, त्यात दडलेली स्थानाची नोंद काढून टाकणे, इतके तरी आपल्या हाती आहे.

मेधाविनी
तुमचे उदाहरण माझेच म्हणणे सिद्ध करते. डोळ्यांच्या बाहुलीतले प्रतिबिंब तपासून मग छायाचित्र टाका, असे आपण कोणाला सांगणार आहोत? सावधगिरीची ही मागणी वाढतच जाते आणि अखेरीस तिचे सार्वजनिक जगणेच बंद होते.

ऋजुता
तुम्ही दोघेही अनोळखी माणूस गृहीत धरत आहात, मात्र पाठलाग करणारा पुष्कळदा पूर्वीचा जोडीदार किंवा ओळखीचा असतो. त्याला पत्ता शोधावा लागत नाही. सुरक्षा प्रश्नांची उत्तरे त्याला पाठ असतात, सामाईक खाते सुरूच राहिलेले असते, आणि कधी फोनमध्ये पाळत ठेवणारे ॲपही त्यानेच बसवलेले असते. ते सापडताच तडकाफडकी काढणे धोक्याचे ठरू शकते, कारण आपल्याला कळले हे त्याला लगेच समजते आणि पुरावाही नष्ट होतो. म्हणून त्याचा हात न लागलेल्या दुसऱ्या फोनवरून आधी मदत मागावी, पुरावे जपावेत, सुरक्षिततेची तजवीज करावी आणि मगच पासवर्ड बदलावेत. २०२१ साली आलेल्या ॲपलच्या एअरटॅगसारख्या, आपला ठावठिकाणा मालकाच्या फोनवर कळवणाऱ्या छोट्या वस्तू (ट्रॅकर) दुसऱ्याच्या बॅगेत किंवा गाडीत लपवल्या जाऊ लागल्या. अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना आयफोन आणि अँड्रॉइड दोहोंवर देणारी समान व्यवस्था ॲपल व गूगलने २०२४ च्या मे महिन्यात आणली.

विश्राम
क्रमाबद्दल तुमचे बरोबर आहे, पासवर्ड तातडीने बदला असेच मी सांगितले असते. परंतु ती सूचना फोनवर आली तरी तिचा अर्थ समजून पावले तिलाच उचलावी लागतील, त्यामुळे हे शिकवणे म्हणजे तिच्यावर दोष टाकणे, हे मला अजूनही पटत नाही.

मेधाविनी
शिकवण्याला माझा विरोध नाही. पण ती व्यवस्था तीन वर्षांनी का आली, हा प्रश्न मी त्या कंपन्यांनाच विचारणार.