खाडी आणि नदीत फरक काय? कोकणात त्रिभुज प्रदेश का नाही?

मुलीला भूगोल शिकवतोय. गोदावरी, कृष्णेला त्रिभुज प्रदेश (मुखाशी गाळ साचून झालेली सपाट जमीन) आहे मग आपल्या वाशिष्ठीला का नाही असं तिने विचारलं आणि मी अडकलो. आम्ही वाशिष्ठीच्या मुखावरच्या दाभोळचे, खाडी रोज बघतो पण नदी कुठे संपते नि खाडी कुठे सुरू होते ते सांगता येईना.

भूगोलवेडी: नदीच्या मुखातून भरतीचं पाणी जिथपर्यंत आत शिरतं तो भाग खाडी. वाशिष्ठीत ते पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जातं. आता त्रिभुज प्रदेश, तर गोदावरी 1465 किमी वाहते, शेवटी सपाटीवर संथ होते आणि गाळ टाकत टाकत फाटे फुटतात, पण आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरल्या की 50-60 किमीच्या पट्टीत धावत समुद्र गाठतात, गाळ साचायला फुरसतच नाही, शिवाय जो येतो तो भरती-ओहोटी हलवत राहते.

खाडीकाठ: मुलीला पुस्तक ठेवून ओहोटीला धक्क्यावर न्या. चिखलात कांदळवनाची मुळं खुंट्यांसारखी वर आलेली दिसतील, ती झाडं श्वास घेतात त्यातून. गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा रेघ मारून दाखवता येत नाही, पावसाळ्यात पूर आला की गोडं पाणी खाली समुद्राकडे सरकतं, उन्हाळ्यात खारं वर चढतं. माझ्या मते हे आधी शिकवावं, व्याख्या मग.

प्रश्नकर्ता: खूप आभार दोघांचे. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते ना, म्हणजे रविवारी ओहोटी किती वाजता ते आजच काढतो, तिलाच मोजायला लावतो.