सावर क्रीम मिळत नाही तिथे काय वापरावं?

चमचाभर (प्रश्न)
परदेशात राहताना हा प्रश्न सारखा येतो. पाककृतीत सावर क्रीम लिहिलेलं असतं, पण दुकानाच्या फ्रिजमध्ये त्या नावाचा डबाच नसतो. मला ते तीन गोष्टींसाठी हवं आहे: केकच्या पिठात १ कप, गार डिपसाठी, आणि सूप किंवा सॉसमध्ये शेवटी घालायला. साधं दही घातलं तर केक कोरडा होतो, डिपला पाणी सुटतं आणि सॉस फुटतो. विकतचं काय घ्यावं? घरी लावायचं झालं तर विरजण कशाचं?

साय_आणि_विरजण
आधी डब्यावरचं नाव सोडा आणि मागचा फॅटचा आकडा वाचा. सावर क्रीम म्हणजे विरजलेली साय (इथे साय म्हणजे विकतचं दुधाचं क्रीम). अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तिच्यात दुधाचं फॅट किमान १८ टक्के लागतं. साध्या दह्यात ते ३ ते ४ टक्के असतं. तुमच्या तिन्ही तक्रारी बऱ्याच अंशी या फरकातून येतात.

हीच वस्तू वेगवेगळ्या नावांनी मिळते. जर्मन दुकानात 'श्मांट' घ्या, त्यात फॅट २० ते २४ टक्के असतं. तिथेच 'झाउरे झाने' नावाचा डबा असतो. नावाचा अर्थ आंबट साय असाच आहे, पण फॅट जेमतेम १० टक्के, त्यामुळे केकला ती कमी पडते. पूर्व युरोपीय माल ठेवणाऱ्या दुकानात 'स्मेताना' मिळते. तिच्यात १५, २०, २५ असे प्रकार असतात, त्यातली २० ची उत्तम. फ्रेंच 'क्रेम फ्रेश' ३० टक्क्यांच्या वर असते आणि आंबटपणाला सौम्य. २०० ग्रॅमला १ चमचा लिंबाचा रस घातला की काम होतं.

घटकांच्या यादीत फक्त साय आणि कल्चर (विरजणाचे जंतू) असेल तो डबा सगळ्यात चांगला. स्टार्च किंवा जिलेटिन असलेला डिपला चालतो, पण त्याचं विरजण लावायला जाऊ नका.

ओव्हनपाशी
यातलं काहीच मिळालं नाही तर मिश्रण करा. १० टक्के फॅटचं ग्रीक दही १५० ग्रॅम आणि ३५ टक्क्यांची साय १०० ग्रॅम घ्या, म्हणजे बरोबर २० टक्के होतं. दही ५ टक्क्यांचं असेल तर दोन्ही समसमान घ्या. दही हलक्या हाताने फेटून त्यात साय थोडी थोडी मिसळा आणि ४ तास फ्रिजमध्ये ठेवा. लगेच वापरलं तर पातळ वाटतं. गार झाल्यावर फॅट घट्ट होतं आणि डिप चमच्यावर उभं राहतं.

केकसाठी याहून सोपं: २१० ग्रॅम ग्रीक दही (१० टक्के) आणि २५ ग्रॅम वितळवून कोमट केलेलं लोणी. एवढं १ कपाच्या जागी घाला. आंबटपणा मात्र गाळू नका. अशा केकमध्ये कपामागे साधारण अर्धा चमचा खाण्याचा सोडा असतो आणि त्याला आम्ल लागतं. आंबट दह्याऐवजी नुसती गोडी, न विरजलेली साय घातली तर सोडा तसाच उरतो, केकला साबणासारखी चव येते आणि रंग काळपट पडतो.

चमचाभर
ग्रीक दही महाग पडतं. साधं दही टांगून चक्का केला तर?

ओव्हनपाशी
गार पदार्थाला चालेल. ५०० ग्रॅम दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ३-४ तास टांगा. निम्म्याच्या आसपास चक्का उरतो आणि फॅट साधारण ७ टक्क्यांवर जातं. चक्क्याइतकीच ३५ टक्क्यांची साय मिसळा.

मंद_आच
पण हा चक्का सॉसमध्ये घालू नका. टांगल्यावर फॅटबरोबर प्रथिनंही दाट होतात. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की नेमकी तीच एकमेकांना चिकटून कण धरतात. क्रेम फ्रेशमध्ये फॅट भरपूर आणि प्रथिनं कमी, म्हणून ती उकळीलाही टिकते. गरम पदार्थासाठी तीच घ्या.

दुसरं काही वापरायचं असेल तर १०० ग्रॅमला १ चमचा कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता मिसळा. भांडं आचेवरून उतरवा आणि उकळी पूर्ण बसू द्या. वाटीतल्या मिश्रणात आधी दोन पळ्या गरम सूप घालून ते कोमट करा, मग भांड्यात ओता. लिंबू किंवा व्हिनेगर त्यानंतर घालू नका. पुन्हा गरम करताना वाफ दिसली की थांबा.

साय_आणि_विरजण
आता घरी लावण्याबद्दल. २५० मिली साय (२० ते ३५ टक्के), तिच्यात २ मोठे चमचे जिवंत कल्चरचं सावर क्रीम, क्रेम फ्रेश किंवा विरजलेलं बटरमिल्क. साय २३ अंशांवर आणा, विरजण ढवळा, सैल झाकण ठेवा आणि १२ ते २४ तास हलवू नका. भांडं कलतं केल्यावर साय एकसंध सरकली की लागलं समजा. मग १२ तास फ्रिजमध्ये, घट्टपणा तिथेच येतो.

साय पातळ, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास असेल तर आधी ८५ अंशांपर्यंत तापवून १० मिनिटं तशीच ठेवा आणि गार करून मग विरजा. तापवल्याने प्रथिनं पाणी धरून ठेवतात आणि साय कवडीसारखी लागते.

न लागण्याची कारणं ठरलेली आहेत: खोली १८ अंशांच्या खाली, विरजण उष्णतेने मारलेलं, किंवा डब्यात साय नसून वनस्पती तेलाचं 'व्हिपिंग क्रीम'. त्यात जंतूंना खायला दुधाची साखरच नसते.

चमचाभर
इथे फक्त यूएचटी (खूप तापवून बंद डब्यात भरलेली, टिकाऊ) साय मिळते, आणि विरजणाला घरचं दहीच आहे.

साय_आणि_विरजण
यूएचटी चालते, फक्त लागायला वेळ जास्त घेते. दह्याचे जंतू मात्र उबेचे, २३ अंशांवर ते सुस्त पडतात. साय ४० अंशांवर आणून १ मोठा चमचा दही घाला आणि ६ ते ८ तास उबेत ठेवा. मिळेल ते सायीचं दही: आंबट जास्त, लोण्याचा वास कमी. तो वास हवा असेल तर चीज करणाऱ्यांचं मेसोफिलिक (कमी उबेला वाढणारं) कल्चर पुडीत मिळतं, त्यात सुगंधी जंतू आहेत ना ते पुडीवर वाचून घ्या.

तयार सावर क्रीम ४ अंशांवर आठवडाभर टिकतं. वर पाणी दिसलं तर ढवळून घ्या. गुलाबी, केशरी किंवा बुरशीचा डाग दिसला तर अख्खं टाका, वरचा थर काढून वापरू नका. पुढच्या विरजणासाठी २ मोठे चमचे पहिल्याच दिवशी स्वच्छ चमच्याने वेगळे काढून ठेवा.