गूलची खरी करामत त्या फोटोत आहे

कुणीतरी म्हटलंय की इंग्रज लेखक जे. बी. प्रीस्टलींच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकातला इन्स्पेक्टर गूल म्हणजे निव्वळ प्रवचनकार. जाता जाता तो जे भाषण ठोकतो त्यापुरतं मान्य. नाटक १९४५चं, घटना १९१२ची, त्यामुळे पुढे येणाऱ्या आगीची आणि रक्तपाताची, म्हणजे महायुद्धांची, भविष्यवाणी करणं लेखकाला सोपंच होतं.

पण त्याआधी तो काय करतो ते बघा ना. आत्महत्या केलेल्या ईव्हा स्मिथ या मुलीची चौकशी करायला तो श्रीमंत बर्लिंग कुटुंबाच्या घरी येतो आणि तिचा फोटो एका वेळी एकालाच दाखवतो. दुसरा डोकावायला लागला की मध्ये उभा राहतो. तेव्हा वाटतं, पोलिसी खाक्या असेल. शेवटी बर्लिंगांचा होणारा जावई जेराल्ड शंका काढतो की प्रत्येक वेळी तोच फोटो दाखवला कशावरून? मुलगी तरी एकच होती का? आणि आपणही बर्लिंग कुटुंबासारखे सुटकेचा श्वास टाकायला लागतो. तिथे प्रेक्षकच पकडला जातो!

मिसेस बर्लिंगचा प्रसंग तर जीवघेणा. मदत मागायला आलेल्या गरोदर ईव्हाला बाईंनी परत पाठवलेलं असतं. गूल फक्त विचारत राहतो, मग तिच्या मरणाचा दोष कुणाचा? बाई ठसक्यात सांगतात, तिच्या पोटातल्या बाळाच्या बापाचा, त्याला धडा शिकवा. तो बाप म्हणजे बाईंचा आपलाच मुलगा एरिक, हे त्यांची मुलगी शीलाला कळलंय, आपल्याला कळलंय, आईला मात्र नाही. गूलला इथे उपदेशाचा एक शब्दही बोलावा लागत नाही.

तो खरा पोलीस होता की भूत, हा वाद मला तरी दुय्यम वाटतो.