टीसीई फुटलं की नुसतं पातळ झालं? कार्बन-१३ च्या आकड्यावर किती विसंबायचं?

जलधर
यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस धुवायचं ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, भूजलात उतरलं की काही वर्षांनी उतरत्या सांद्रतेचा आलेख जोडलेला अहवाल येतो: 'आपोआप कमी होतंय'. आलेख तर पावसाचं पाणी मिसळूनही उतरतो. जंतू मात्र हलक्या कार्बनचे, म्हणजे कार्बन-१२ वाले रेणू किंचित वेगाने फोडतात, त्यामुळे उरलेल्या टीसीईत जड कार्बन-१३ चं प्रमाण, म्हणजे डेल्टा (ठरलेल्या मानकापासूनचा फरक, प्रति हजारात; मानकापेक्षा कमी असेल तर उणे), वाढत जातो. नुसत्या पाण्याने तो हलत नाही. अमेरिकेतल्या डोव्हर हवाई तळावरच्या क्लोरिनयुक्त द्रावकांबाबत हाच पुरावा २००१ मध्ये मांडला गेला. डेल्टा मोजल्याशिवाय 'जैविक विघटन' हा शब्द अहवालात येऊच नये, असं माझं मत.

शंकेखोर
रेणू फुटले इथपर्यंत मान्य. घात होतो तो पुढे टक्केवारी काढताना. उगमाशी डेल्टा उणे २८ प्रति हजार, प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या विहिरीत उणे २२. डेल्टावरून किती फुटलं ते काढणाऱ्या रॅलेच्या समीकरणात एप्सिलॉन (रेणू फुटताना डेल्टा किती सरकतो त्याचा गुणांक) उणे १० घाला, ४६ टक्के टीसीई फुटलेलं दिसेल. उणे ४ घाला, ७९. उणे १४ घाला, ३६. पाणी तेच, नमुना तोच! प्रयोगशाळेत टीसीईचा एप्सिलॉन जंतूंगणिक या पट्ट्यात कुठेही सापडतो. मग ४६ छापणारा नेमकं काय सांगतोय?
आणि 'जैविक' कशावरून? लोहाची भुकटी, लोह सल्फाइडसुद्धा टीसीई फोडतात आणि डेल्टा तसाच सरकवतात. जंतूंना श्रेय द्यायचं तर व्हिनाइल क्लोराइड फोडणाऱ्या जंतूंमधल्या व्हीसीआरए जनुकाची मोजणी जोडा.

जलधर
जनुकाचं मान्य. टक्केवारीचं म्हणाल तर एकट्या टीसीईकडे बघू नका, त्यातून निघणाऱ्या डायक्लोरोइथिलीनकडे, म्हणजे डीसीईकडे बघा. तुमचाच उणे १० घेतला तर पहिलं डीसीई उणे ३८ च्या आसपास निघतं. टीसीई संपत आलं की डीसीई मूळच्या उणे २८ ला टेकतं. त्याच्याही वर, समजा उणे २४ ला गेलं, तर डीसीई स्वतः फुटतंय. इथे एप्सिलॉन लागतच नाही. विघटन डीसीईपाशी अडकलंय का, हा खरा प्रश्न, कारण पुढचं व्हिनाइल क्लोराइड टीसीईपेक्षा वाईट.

शंकेखोर
पण तो उणे २८ आणलात कुठून? कारखान्यातून निघालेल्या टीसीईचाच डेल्टा साधारण उणे २४ ते उणे ३४ असा फिरतो. दोन वेगवेगळ्या खेपा सांडल्या असतील तर? उगमाच्या विहिरीत विघटन आधीच सुरू असेल तर?

बाटलीवाला
दोघेही विहिरीतून आकडा सरळ हातात येतो असं धरून चाललाय. सहा मीटर लांबीच्या जाळीच्या विहिरीत वरचं, फुटून उरलेलं, जड (कार्बन-१३ जास्त असलेलं) टीसीई आणि तळाचं ताजं, हलकं टीसीई एकत्र उपसलं जातं. ज्याची सांद्रता जास्त, त्याचा डेल्टा जिंकतो, बहुधा ताज्याचाच. म्हणून विघटन आहे त्याहून कमी दिसतं. चिकणमातीतून हळूहळू परत झिरपणारं जुनं टीसीईही हेच करतं.
नमुना मंद गतीच्या पंपाने, ४० मिलीच्या बाटलीत काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या खाली, मग ४ अंशांवर. (त्याच विहिरीत पेट्रोलमधलं एमटीबीई असेल तर आम्ल नको, ते त्यातच फुटतं, ट्रायसोडियम फॉस्फेट घाला.)
प्रयोगशाळेकडून रेणू वेगवेगळे करणाऱ्या यंत्राचे (गॅस क्रोमॅटोग्राफचे) शिखरांचे आलेख मागून घ्या. कार्बन-१३ वाले रेणू त्याच्या नळीसारख्या स्तंभातून किंचित आधी बाहेर पडतात. शेजारच्या शिखराने शेपूट झाकलं आणि ते कापलं गेलं, तर डेल्टा उगाच जड दिसतो. 'विघटन' तिथेच, संगणकावर झालं. अमेरिकी पर्यावरण संस्थेची २००८ ची मार्गदर्शिका २ प्रति हजारपेक्षा कमी फरकाला पुरावा मानू नका म्हणते, ते उगाच नाही.

नवखा
मग कार्बन-१३ ने मुद्दाम खूण केलेलं टीसीईच विहिरीत सोडलं तर? जर्मनीत झाइट्झला बेंझिनबाबत तसं केलंय ना?

शंकेखोर
केलंय. खूण केलेलं बेंझिन शोषवलेले मणी विहिरीत टांगले आणि जंतूंच्या मेदाम्लांत कार्बन-१३ सापडला. पण ते जंतू बेंझिन खातात. टीसीईवर जगणारे डिहॅलोकॉकॉइडीज ते श्वासासाठी वापरतात, अंगातला कार्बन ॲसिटेटमधून घेतात. खूण त्यांच्यात उतरणारच नाही. फार तर विघटनाच्या शेवटी उरणाऱ्या इथिनमध्ये शोधा.

जलधर
उगमाच्या आकड्याचं उत्तर राहिलं होतं. टीसीई, डीसीई, व्हिनाइल क्लोराइड आणि इथिन, चौघांचा मोलवार (ज्याचे रेणू जास्त त्याला तेवढं वजन देऊन) सरासरी डेल्टा प्रत्येक विहिरीत काढा. तो सगळीकडे सारखा आला तर तोच उगम धरा. खालच्या विहिरींत जड होत गेला तर काहीतरी यादीबाहेर निसटतंय, किंवा तुमच्या दोन खेपा. इथिन न मोजता मात्र ही बेरीज करू नका.