गणपतीच्या एलईडी वॉलवरचा पैठणी काठ अडखळतोय, कोणी मोशन ग्राफिक्सवालं आहे का?

कडून: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

यंदाच्या शनिवारच्या गणपतीला हॉलमध्ये पडद्याऐवजी एलईडी वॉल मिळतेय, ६ मीटर बाय ३ मीटर. खालच्या बाजूला पैठणीचा काठ सरकत राहील आणि कोळीगीतानंतर तारपा नाच येईल तेव्हा मागे वारली माणसं गोल फिरतील असं ठरलंय. आफ्टर इफेक्ट्समध्ये (ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) काठ केलाय पण लूप (पुन्हापुन्हा चालणारी क्लिप) सुरुवातीला आला की बारीकसा हिसका बसतो, आणि वारली माणसांना रिपीटर (एकाच आकृतीच्या कॉपी काढणारं साधन) लावला तर सगळी एकदम पाय उचलतात, कवायत चालल्यासारखी. कोणाला यातलं कळतं का? जेवणाचं कूपन आमच्याकडून.

कडून: एक सभासद (आधी ॲड एजन्सीत होतो)

ताई, कूपन नको, पुरणपोळी बाजूला काढून ठेवा.

आधी वॉलवाल्याला पिक्सेल विचारा, मीटर नको. भाड्याच्या वॉलमध्ये ५०० मिलिमीटरचं पॅनल आणि त्यात १२८ पिक्सेल हे बऱ्याचदा असतं. तसंच असेल तर तुमची वॉल १२ बाय ६ पॅनल म्हणजे १५३६ बाय ७६८ पिक्सेल झाली, फुल एचडी नाही. म्हणून एक मोर किंवा एक बुट्टी बरोब्बर १२८ पिक्सेल रुंद करा, आडव्यात १२ बसतील. आर्टवर्क इलस्ट्रेटरमधून आलं असेल तर आधी त्याचं शेप लेयर (आफ्टर इफेक्ट्सचा स्वतःचा आकृतीचा थर) करून घ्या, नाहीतर रिपीटर लागणारच नाही. मग रिपीटरमध्ये पोझिशन एक्स १२८ आणि कॉपीज १३ ठेवा, १२ नाही, कारण काठ सरकला की एका टोकाला जी जागा उघडी पडते ती तेराव्याने भरायची.

आता हिसका. बहुतेक जण शेवटच्या फ्रेमवर दुसरी की-फ्रेम (त्या क्षणाची जागा ठरवणारी खूण) टाकतात, मग शेवटची फ्रेम आणि पहिली फ्रेम दिसायला एकच, म्हणजे तेच चित्र दोनदा दिसतं आणि डोळ्याला ते बरोबर खुपतं. कॉम्प (ॲनिमेशनची टाइमलाइन) १२८ फ्रेमचा ठेवा (० ते १२७), पहिली की ० वर आणि दुसरी १२८ वर, म्हणजे कॉम्पच्या बाहेर, आणि दोन्हींत फरक बरोब्बर १२८ पिक्सेल. ईझी ईझ (सुरुवात-शेवट हळू करणारी सेटिंग) अजिबात नको, दोन्ही की लिनिअर (एकसारख्या वेगाच्या), नाहीतर दर फेरीला काठ दम खाईल. यात अजून एक फायदा असा की काठ फ्रेममागे १ पिक्सेल पुढे जातो, अर्धा-पाव पिक्सेल नाही, त्यामुळे जरीच्या बारीक रेषा वॉलवर लुकलुकत नाहीत. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर काठ सेकंदाला साधारण १० सेंटीमीटर सरकतो. हळू वाटेल, पण पुढे माणसं नाचणार आहेत ना! आणि तरी रेषा ३ पिक्सेलपेक्षा बारीक नकोच.

कडून: सांस्कृतिक समिती

दादा, हिसका गेला!! पण वारलीचं काय, रिपीटरमध्ये प्रत्येकाला वेगळा वेळ द्यायची सोय कुठे दिसत नाही.

कडून: एक सभासद

नाहीच आहे ती. रिपीटर कॉपीची जागा, कोन, आकार, पारदर्शकता बदलतो, वेळ नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ॲपल मोशनच्या रेप्लिकेटरला किंवा कॅव्हलरीत ही सोय मिळते, आणि रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये डुप्लिकेट नोडला टाइम ऑफसेट (कॉपीगणिक वेळ मागेपुढे करायची सोय) असतो, फुकट व्हर्जनमध्ये पण. आफ्टर इफेक्ट्समध्येच करायचं तर माणसागणिक वेगळा लेयर.

२४ माणसं, १५ अंशांवर एकेक. पावलाची एक सायकल १६ फ्रेमची. पहिल्या माणसाच्या पायाला की-फ्रेम्स, बाकीच्यांना व्हॅल्यू ॲट टाइम हे एक्स्प्रेशन (पहिल्याची आधीच्या वेळेची हालचाल उचलणारं छोटं सूत्र), लेयर क्रमांकानुसार प्रत्येकी २ फ्रेम उशिरा. आठ माणसांत एक लाट पुरी होते, २४ मध्ये तीन. पहिल्याच्या की-फ्रेम्स शून्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू करा, नाहीतर मागचे सुरुवातीला पुतळ्यासारखे उभे राहतील. आणि १२८ फ्रेममध्ये वर्तुळ बरोब्बर एक-तृतीयांश फिरवा. मग प्रत्येक माणूस आठ जागा पुढच्याच्या जागी जातो, आणि त्याचं पाऊलही त्याच क्षणाला असतं, लूप कुठे जुळला ते कळत नाही. एकच जागा पुढे सरकवलात तर पावलं २ फ्रेमनी चुकतात आणि दर ५ सेकंदांनी सगळे दचकतात.

सर्पिलाकार करायचा मोह होईल, वारलीत तो असतोच, पण रिपीटरला स्केल कमी करत नेऊन होणाऱ्या सर्पिलात आतली माणसं चिमुकली होत जातात, चित्रात ती साधारण सारख्याच उंचीची असतात. पॉइंट ऑन पाथ एक्स्प्रेशनने (माणसं रेषेवर बसवणारं सूत्र) जमतं, पण शनिवार जवळ आलाय. वर्तुळच ठेवा, मध्ये तारपावाला.

कडून: नाच बसवणारी

दादा, एक प्रॉब्लेम. १६ फ्रेम म्हणजे मिनिटाला साधारण ९४ ठोके होतात, मी मोजून बघितलं. आमचा ढोल लाइव्ह आहे आणि आमच्या मुली पुढेमागे होतातच. मागची चोवीस माणसं तालात आणि पुढच्या आठजणी वेगळ्याच तालात, हे स्टेजवर फार वाईट दिसेल. शिवाय तारपा नाचात तारपावाल्याकडे पाठ करत नाहीत, आम्ही पण तसंच बसवलंय, तर मागे पण तो मध्येच आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून हवेत.

कडून: एक सभासद

पटलं. मग नाच चालू असताना पाऊल नकोच, फक्त वर्तुळ अगदी हळू फिरू दे. पावलं फक्त तुम्ही स्टेजवर यायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात.

कडून: एक काका

हे सगळं छान चाललंय, पण पैठणीचा काठ नदीसारखा वाहतोय हे मला खटकतं बुवा. विणताना बाणा (आडवा धागा) एकेक धाग्याने चढतो, रंग बदलतो तिथे वेगळी कांडी (धाग्याची नळी) घालतात, म्हणून मोराच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. सुरुवातीला पदर खालून वर ओळ-ओळ उमटताना दाखवला तर?

कडून: एक सभासद

काका, आवडलं. लिनिअर वाइप (चित्र एका बाजूने उघडणारा इफेक्ट) खालून वर, एका वेळी ४ पिक्सेल, की-फ्रेम्स होल्डवर ठेवून म्हणजे सरकता नाही, उडी मारत चढेल. पदर ७६८ पिक्सेल उंच धरला तर १९२ उड्या, दर फ्रेमला एक म्हणजे साडेसात सेकंदांच्या आसपास. दीपप्रज्वलनाच्या आधी घालतो. ताई, वॉलवाल्याचा फ्रेम रेट उद्यापर्यंत कळवा, २५ चा नसला तर सेकंदांचे आकडे बदलतील. आणि लावणीच्या वेळी काठ स्थिर ठेवा, मागे काहीही हलायला नको.