गावच्या रानात सामुदायिक राखीव क्षेत्र: कोमुनिदादची जमीन, काजू बागायती आणि गवे

रानपट्टा (प्रश्न)

नमस्कार. गोव्यातल्या सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर पण तिच्या अगदी जवळ आमच्या गावचा साधारण ९० हेक्टरांचा रानपट्टा आहे. निम्म्याहून जास्त कोमुनिदादचा (गावच्या मूळ कुटुंबांची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), मधे देवराई, बाकी आठ-दहा घरांच्या काजू बागायती. गवे, डुकरं, धनेश नेहमीचे; बिबट्या अधूनमधून.

रान राखायला गावाची ना नाही. पण 'अभयारण्य' म्हटलं की माणसं बैठकीतून उठतात. म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यांची अधिसूचना १९९९ साली निघाली आणि आतल्या लोकांचे हक्क ठरवण्याचं काम किती वर्षं रेंगाळलं, हे सगळ्यांनी पाहिलंय. जमीन आपल्याकडे ठेवून कायदेशीर संरक्षण मिळेल का? काजूचं काय होईल? आणि गावाच्या हाती प्रत्यक्ष काय पडेल?

सर्व्हे_नंबर

तुम्हाला हवा तो मार्ग म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ सी खालचं सामुदायिक राखीव क्षेत्र. २००२ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं. खाजगी किंवा समाजाच्या जमिनीवर, मालकांनी आपणहून पुढे येऊन मागितलं तरच ते होतं आणि मालकी बदलत नाही. अभयारण्यातली प्रवेशबंदी आणि कलम २९ ची बंधनं इथे लागू होत नाहीत. त्यामुळे चराई, वाटा, सरपण, भिरंडं (कोकमं) गोळा करणं यांचे नियम गावच्या समितीने ठरवायचे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेल्लूर २००७ पासून असं क्षेत्र आहे. तिथे झोळीवाले (पेलिकन) आणि रंगीत करकोचे गावातल्याच झाडांवर घरटी करतात.

आता तीन गोष्टी, ज्या अर्ज करण्यापूर्वीच पाहायला हव्यात.

पहिली गोव्याचीच अडचण. समितीवर किमान पाच प्रतिनिधी पंचायत नेमते आणि एक वनखात्याचा असतो. पण तुमच्याकडे जमीन कोमुनिदादची, आणि कोमुनिदादचे गावकार (तिचे वंशपरंपरागत सभासद) व पंचायतीचे मतदार ही वेगळी मंडळी. नुसता ग्रामसभेचा ठराव जोडलात तर उद्या एखादा गावकार हरकत घेईल आणि ती रास्तच असेल. म्हणून कोमुनिदादचा ठराव आधी, ग्रामसभेचा नंतर, आणि दोन्हींत सर्व्हे नंबर शब्दशः सारखे. समितीत गावकार किती आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) व कुळांचे किती, हेही ठरावातच लिहा. खाजगी बागायतींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने वेगळी समिती दिली आहे: जमीनमालक, वनखातं आणि पंचायतीचा प्रतिनिधी. दोन्ही एकाच प्रस्तावात कोंबू नका.

दुसरी: अधिसूचना निघाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी दोन्ही लागतात. म्हणजे 'आजचा वापर' काय, हे कागदावर नसेल तर भांडणं तिथेच सुरू होतील. प्रत्येक सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-वहिवाटीचा कागद) काढा. नकाशावर काजू, कुळागर (सुपारीची बाग), वाट, झर, गुरांचा वाडा, काजूच्या दारूच्या भट्टीची जागा दाखवा आणि त्यावर मालक व कुळ दोघांच्या सह्या घ्या.

तिसरी सहसा कुणी सांगत नाही. अभयारण्याची काही कलमं इथेही लागू होतात, त्यांत ३० आणि ३२ आहेत. ३० आगीबद्दल: रानाला धोका होईल अशी आग लावायची किंवा पेटती ठेवायची नाही. ३२ खाली वन्यजीवांना अपाय करणारी रसायनं वापरता येत नाहीत. काजूवर ढेकण्या किडीसाठी फवारणी करणाऱ्या बागायतदाराची अडचण होईल ती या कलमाने. म्हणून फवारणीच्या बागा सरळ हद्दीबाहेर ठेवा. क्षेत्र ९० चं ६० हेक्टर झालं तरी चालेल.

गावात वेळीप, गावडा, कुणबी समाजाची वस्ती असेल आणि त्यांचा वावर लगतच्या सरकारी वनात असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनस्रोताचा (गावाने आपल्या वापरातलं वन राखण्या-वापरण्याच्या हक्काचा) दावा त्याच्या जोडीने करा. तो हक्क अभयारण्यातही मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली तो मिळाला आणि २०११ पासून बांबूची वाहतूक परवान्यासह विक्री ग्रामसभेच्या हाती आली.

कुळागर_राखण

कागद वर आलेच आहेत. गावाचा पाठिंबा टिकतो की नाही, हे ठरतं नुकसानीवर. २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यात गोळावलीला चार वाघ विषाने मेले. गुरं मारली गेली आणि भरपाई वेळेवर हाती आली नाही, की अशी वेळ कुठेही येऊ शकते.

सरकारी भरपाईसाठी मेलेलं जनावर हलवायचं नाही, फोटो काढायचे आणि त्याच दिवशी रेंज ऑफिसला लेखी कळवायचं. पण पैसे यायला महिने लागतात. समितीचा स्वतःचा तातडीचा निधी हवा: पंचनाम्यानंतर आठ दिवसांत ठरलेली उचल द्यायची आणि सरकारी रक्कम आली की ती निधीत परत. हे आधी उभं करा, पाहुणे (पर्यटक) नंतर.

सौर कुंपण घरोघरी वेगळं घालू नका. एक हेक्टरच्या चौकोनाला ४०० मीटर कुंपण लागतं, म्हणजे दहा सुट्या बागांना ४ किलोमीटर. त्याच दहा हेक्टरला एकत्र घेतलं तर सव्वा किलोमीटरच्या आसपास. पाच तारा, सर्वांत खालची २५ सेंटिमीटरवर (डुकरासाठी), वरची दीड मीटरच्या पुढे (गव्यासाठी). माकडांना याचा काही उपयोग नाही, तसं खोटं आश्वासन कुणाला देऊ नका.

कुंपण बंद पडतं ते बहुतेक दोन कारणांनी. पावसात गवत खालच्या तारेला टेकतं आणि विजेचा दाब उतरतो; जुलै-ऑगस्टमध्ये दर आठ-दहा दिवसांनी गवत मारावंच लागतं. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडतो आणि अर्थिंग मरतं. निदान तीन सळ्या, प्रत्येकी दीड-दोन मीटर, एकमेकींपासून तीन मीटरवर, शक्यतो ओलीच्या जागी. तपासणी अशी: तारेत झटका सोडणाऱ्या यंत्रापासून शंभरेक मीटरवर तार मुद्दाम जमिनीला जोडा आणि शेवटच्या सळीवर मीटर लावा. ०.३ किलोव्होल्टच्या वर आकडा दिसला तर सळ्या कमी पडतायत. घरची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्याने माणसंही मरतात. आणि ओहोळाची वाट बंद करू नका. ती अडली की जनावर कुंपण मोडूनच जाणार.

रानपट्टा

देव बरे करू! कोमुनिदादच्या ठरावाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. आता दोन शंका. काजूच्या दिवसांत बिया वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा जाळतात, आणि दोन भट्ट्या आतच आहेत. शिवाय पाहुण्यांकडून निधी किती उभा राहील?

वाटाड्या_मोले

पाचोळा जाळू नका, झाडाच्या आळ्यात ओढा; ओल टिकते, खतही होतं. जाळरेषा (वणवा अडवायला जाळून मोकळा केलेला पट्टा) डिसेंबर-जानेवारीत, गवत अर्धवट हिरवं असताना, वाटा आणि डोंगरकडांच्या बाजूने तीन ते पाच मीटर रुंद काढायची. फेब्रुवारीनंतर ती काढताना वणवाच लागतो. भट्टीभोवती पाच मीटर जमीन खरवडलेली आणि पाण्याची दोन पिंपं भरलेली असली, तर कलम ३० खाली हरकतीची शक्यता कमी होते.

पाहुण्यांच्या पैशावर फार विसंबू नका. एका वाटाड्यामागे सहा-आठ माणसं, दिवसाला दोन गट, एवढंच हे रान झेपवेल. समजा माणशी ४०० रुपये घेतले, तर वाटाड्याला २५०, नुकसान निधीला १००, जाळरेषेला ५०. आठ जणांच्या एका गटातून निधीत ८०० रुपये पडतात. तेव्हा सुरुवातीचं भांडवल वेगळं उभारावं लागेल. वन्यजीव अधिवासांसाठीच्या केंद्रीय योजनेत सामुदायिक राखीव क्षेत्रं येतात, तिथे प्रस्ताव द्या. घरात पाहुणे ठेवणार असाल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. ती प्रत्येक घराने आपापल्या नावावर करावी.

धनेशाची मादी साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर एकटा चारा आणतो. त्या झाडाखाली माणसं थांबली तर तो येत नाही. ती वाट मे अखेरपर्यंत बंद ठेवा. ढोलीचं झाड खाजगी बागेत असेल तर न तोडण्याबद्दल मालकाला निधीतून वर्षाला ठरावीक रक्कम द्या, आणि ती ठरावात लिहून घ्या.

जुलै ते सप्टेंबर बेडूक आणि चापडा (झाडावरचा विषारी साप) पाहायला रात्रीच्या फेऱ्या चालतात. गट सहापेक्षा मोठा नको, फ्लॅश बंद, आणि चापडा दिसला की निदान दोन मीटर अंतर. तो फांदीवर निवांत दिसतो म्हणून लोक हात पुढे करतात.